गाळणी आणि अनुस्वार : जुन्या कागदांच्या संगणकीय शुद्धीकरणाविषयी

या स्मृतिव्याख्यानमालेच्या पुस्तिकेसाठी लिहावे, असे शाळेने मला सुचविले तेव्हा मराठी गद्यासंबंधी किंवा संतवाङ्मयासंबंधी काही लिहीन, अशीच संयोजकांची अपेक्षा असावी. मी मात्र संगणकावर जुन्या कागदांच्या प्रतिमा स्वच्छ करण्याविषयी लिहीत आहे. पंचाहत्तरीच्या घरात आलेल्या मराठीच्या अध्यापिकेने हा विषय हाती घ्यावा, याचे वाचकांस नवल वाटेल. परंतु ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही माला चालते त्या गुरुजींच्याच वह्यांमुळे मला हा विषय शिकावा लागला, आणि तो शिकताना माझ्या हातून एक चूक घडली. ती चूक सांगायची तर आधी विषय समजावून द्यावा लागतो.

गुरुजींच्या सात वह्या शाळेत होत्या. १९३६ पासून १९६१ पर्यंतच्या त्यांच्या नोंदी त्यांत होत्या : वर्गातील हजेरी, मुलांच्या घरची स्थिती, कोणाला पुस्तक दिले, कोणाकडून परत यायचे आहे, मधूनच एखाद्या कवितेचे रसग्रहण, मधूनच बाजाराचा हिशेब. एकंदर २१२ लिखित पृष्ठे. २००९ साली राजवाड्याजवळच्या एका दुकानातून त्यांच्या संगणकीय प्रतिमा काढून घेतल्या होत्या व त्या एका तबकडीत भरून ठेवल्या होत्या. वह्या पुन्हा कपाटात गेल्या. पुढे एका पावसाळ्यात कपाटामागची भिंत पाझरली. त्यात ३१ पृष्ठे अशी भिजली की शाई पसरून अक्षर उरले नाही. म्हणून या पुस्तिकेत गुरुजींच्या नोंदींतील निवडक भाग छापावयाचा ठरले तेव्हा प्रतिमांचे महत्त्व एकदम वाढले, आणि त्या वाचनीय करून देण्याचे काम मी आपण होऊन मागून घेतले.

इंदूरला हे काम अगदीच परके नाही. राजा दीनदयाळ या विख्यात छायाचित्रकाराची सुरुवात याच नगरीतली. रुरकीला शिक्षण घेऊन ते येथील बांधकाम खात्यात नकाशे व अंदाजपत्रके करण्याच्या नोकरीस लागले आणि १८७४च्या सुमारास कॅमेऱ्याकडे वळले. पुढे ते निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले; १९०५ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या अडीच हजारांहून अधिक काचपट्ट्या आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. त्या काळच्या स्टुडिओत रिटचिंग करणारा एक स्वतंत्र कारागीर असे. काचपट्टी उजेडासमोर धरून, टोक काढलेल्या शिसपेन्सिलीने तो चेहऱ्यावरचे डाग, सुरकुत्या, देवीचे व्रण हलके भरून काढी. माझ्या लहानपणी राजवाड्याच्या परिसरातील एका स्टुडिओत असा एक वृद्ध कारागीर मी पाहिला आहे. एका काचेवर तो तासभर बसे. आज आपण ज्याला फिल्टर म्हणतो तो या कारागिराचाच वंशज होय. फरक इतकाच की कारागीर कोठे थांबावे हे डोळ्याने ठरवी.

१९८४ साली राजवाड्याला आग लागली तेव्हा त्या सात मजली वास्तूचे तळचे तीन दगडी मजले व वरचे चार लाकडी मजले हा भेद सर्वांस फार क्लेशकारक रीतीने कळला. त्यानंतर जो तो आपल्या घरातील जुनी छायाचित्रे शोधू लागला. कोणाच्या मुंजीच्या, कोणाच्या वरातीच्या चित्रामागे राजवाड्याचे सज्जे दिसत. जुनी प्रतिमा हा पुरावा असतो, याची जाणीव मला त्या दिवसांत प्रथम झाली. ती पुढे मी विसरले, ही गोष्ट वेगळी.

आता मूळ विषयाकडे वळू. संगणकाच्या दृष्टीने चित्र म्हणजे आकड्यांचा तक्ता होय. चित्र बारीक चौकोनी घरांत विभागलेले असते. त्या प्रत्येक घरास पिक्सेल म्हणतात. आपण चित्रबिंदू म्हणू. करड्या चित्रात प्रत्येक बिंदूला ० ते २५५ यांपैकी एक अंक मिळतो. ० म्हणजे निखळ काळा, २५५ म्हणजे निखळ पांढरा. गुरुजींच्या वहीचा पिवळसर कागद साधारण २१०च्या आसपास येई आणि विटलेली शाई ९०च्या. फिल्टर म्हणजे या अंकांवर चालविण्याची एक ठरीव रीत. मी त्याला गाळणी म्हणते, जरी काही गाळण्या गाळीत नाहीत, उलट भर घालतात.

सर्वांत साधी रीत अंक ताणण्याची. ९० असेल तेथे ० लिहा, २१० असेल तेथे २५५ लिहा आणि मधल्यांना त्याच प्रमाणात पसरा. म्हणजे १५० होता तो साधारण १२७ होईल. एवढ्यानेच फिकट शाई काळी दिसते व कागद पांढरा. यात शेजारच्या बिंदूंचा काही संबंध नाही. प्रत्येक बिंदू आपापला बदलतो.

दुसऱ्या प्रकारच्या गाळण्या शेजार पाहतात. अक्षर ठसठशीत करण्याची एक रीत अशी : मधल्या बिंदूचा अंक पाचपट करा आणि त्यातून वर, खाली, डावीकडे, उजवीकडे असणाऱ्या चार शेजाऱ्यांचे अंक वजा करा. सपाट कागदावर सगळेच २३० असतील तर पाचपट म्हणजे ११५०, त्यातून ९२० वजा जाता पुन्हा २३० उरतात; कागद तसाच राहतो. परंतु मधला १०० आणि चारही शेजारी १२० असतील तर ५०० वजा ४८०, म्हणजे २० उरतात. जो बिंदू शेजाऱ्यांहून किंचित काळा होता तो एकदम काळाभोर झाला! अस्पष्ट रेषा उठून दिसते ती अशी. या कुळातील एक प्रसिद्ध गाळणी तर छायाचित्रांच्या अंधारखोलीतूनच संगणकात आली आहे. तेथे चित्राची मुद्दाम पुसट केलेली प्रत मूळ काचेवर ठेवून कडा ठळक करीत असत.

तिसरी रीत धूळ काढण्याची, आणि माझ्या कथेचे कारण तीच आहे. तिला मध्यक गाळणी म्हणावे. सांख्यिकीत अंक चढत्या क्रमाने मांडून बरोबर मधला उचलतात, त्याला मध्यक म्हणतात, तेच येथे. समजा नऊ घरांच्या चौकटीत २२८, २३१, २२६, २३०, ३४, २२९, २२७, २३२ आणि २२५ असे अंक आहेत. मधोमधचा ३४ म्हणजे धुळीचा काळा कण. हे अंक क्रमाने लावले तर पाचवा येतो २२८. गाळणी मधल्या घरात ३४च्या जागी २२८ लिहिते आणि कण नाहीसा होतो. सरासरी घेतली असती तर काळ्याचा डाग सभोवार पसरला असता. मध्यक घेतल्याने तो मागमूस न ठेवता जातो. हिचा एक गुण सांगितला पाहिजे : ही गाळणी नवा अंक रचीत नाही, चौकटीत जो होता त्यांतूनच एक निवडते. अलीकडे जी यंत्रे जुन्या छायाचित्रांतील पुसट चेहरे ‘पूर्ण’ करून देतात ती मात्र चित्रात कधी नव्हते तेही रचून देतात. त्या यंत्रांविषयी माझे मत फारसे बरे नाही.

हे सारे एका पृष्ठावर हाताने करावयाचे तर मला चार मिनिटे लागत. २१२ पृष्ठांना चौदा तास. शिवाय हात थकला की कोठे एखादी पायरी राहते, कोठे अंक बदलतो आणि एकसारखेपणा जातो. येथे स्क्रिप्टची गरज उत्पन्न होते.

स्क्रिप्ट म्हणजे करावयाच्या कृतींची क्रमवार लिखित संहिता. आपल्याकडील पौरोहित्याच्या ‘प्रयोग’ग्रंथांशी तिचे विलक्षण साम्य आहे. प्रयोगग्रंथ हा तत्त्वज्ञान सांगत नाही. आधी आचमन, मग संकल्प, मग अमुक, मग तमुक, असा निव्वळ क्रम देतो. आणि हा ‘अमुक’ शब्दच फार महत्त्वाचा आहे. पोथीत यजमानाचे नाव छापलेले नसते. ‘अमुक गोत्र’, ‘अमुक नाम’ असे लिहिलेले असते आणि म्हणताना पुरोहित तेथे समोरच्या यजमानाचे गोत्र व नाव घालतो. म्हणून एकच पोथी शेकडो घरी चालते. स्क्रिप्टमध्येही तसेच. ‘अमुक चित्र उघड, त्याचे अंक ताण, धूळ काढ, अक्षर ठसठशीत कर, अमुक नावाने ठेव,’ असे एकदा लिहायचे आणि या पेटीतील प्रत्येक चित्रासाठी हेच पुन्हा कर, एवढी एक ओळ वर जोडायची. संगणक दर फेरीला ‘अमुक’च्या जागी पुढचे नाव घालतो.

मी वापरले ते सॉफ्टवेअर गिम्प नावाचे. १९९५ साली कॅलिफोर्नियातील बर्कली येथे स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या दोघा विद्यार्थ्यांनी ते रचावयास घेतले. ते विनामूल्य आहे आणि त्याची घडण कोणासही पाहता व बदलता येते. फोटोशॉपची पहिली आवृत्ती १९९०ची. केलेल्या कृती नोंदवून ठेवून पुन्हा चालविण्याची सोय तिच्यात १९९६च्या चौथ्या आवृत्तीत आली. गिम्पमध्ये संहिता लिहिण्याच्या सोयीला स्क्रिप्ट-फू म्हणतात आणि तिची भाषा स्कीम. ही भाषा १९७५ साली अमेरिकेतील एमआयटी संस्थेत गाय स्टील व जेराल्ड ससमन यांनी घडविली. पायथन या भाषेतही गिम्पसाठी लिहिता येते, आणि तरुण मंडळी तिलाच पसंती देतात. मला मात्र स्कीम आवडली, आणि तिचे कारण व्याकरणाचे आहे. तिच्यात प्रत्येक वाक्य कंसात असते आणि कंसातील पहिला शब्द क्रियापद. कर्म, करण वगैरे सारे मागून येते. आपल्या मराठीत क्रियापद शेवटी. त्यामुळे प्रथम प्रथम वाक्य उलटे धरल्यासारखे वाटते. कंसात कंस, त्यात पुन्हा कंस. एक मिटवायचा राहिला तर संगणक सारेच नाकारतो. शुद्धलेखनाविषयी इतका कडक परीक्षक मला आयुष्यात एकच भेटला होता, आणि ते म्हणजे स्वतः गुरुजी.

संहितेत क्रमाला फार महत्त्व असते, हे येथे सांगून ठेवते. धूळ आधी काढून मग अक्षर ठसठशीत करावे. उलट केले तर अक्षराबरोबर धुळीचे कणही ठसठशीत होतात आणि मग हटत नाहीत. पीठ मळून झाल्यावर चाळता येत नाही, तसेच हे.

माझ्या बहिणीचा नातू बंगळुरास संगणकक्षेत्रात काम करतो. त्याने दूरध्वनीवरून मला चार संध्याकाळी शिकवणी दिली. “आजी, आधी पाच पानांवर चालवून बघा आणि मग सगळ्यांवर सोडा,” असे त्याने बजावले होते. मी पाच पृष्ठांवर चालविली. पृष्ठे स्वच्छ, अक्षर काळेभोर, कागद पांढराशुभ्र. मला इतका आनंद झाला की मी ती नीट वाचलीच नाहीत, केवळ पाहिली. त्या रात्री संहिता सर्व २१२ पृष्ठांवर सोडली. पहिला चहा व्हायच्या आत काम झाले होते.

दुसऱ्या दिवशी वाचावयास बसले. तिसऱ्याच ओळीत अडखळले. १९३८ची नोंद, नव्या मुलांची यादी, आणि वर मथळा ‘मुलाचे नाव’. गुरुजी ‘नांव’ असे लिहीत. सानुस्वार ‘नांव’ म्हणजे नाम आणि निरनुस्वार ‘नाव’ म्हणजे होडी, हे त्यांनी आमच्या चौथीच्या वर्गाकडून इतक्या वेळा घोकून घेतले होते की आजही मला होडीचे चित्र पाहिले की तो अनुस्वाराचा तास आठवतो. पुढे पाहते तो ‘त्याने काम केले’, ‘शाळेत’, ‘मी गेलो’. गुरुजींच्या हातचे ‘त्यानें’, ‘केलें’, ‘शाळेंत’, ‘गेलों’ कोठेच नाही. सबंध वहीत टिंब म्हणून उरलेले नव्हते. वाक्यांच्या शेवटचे पूर्णविरामही गेले होते आणि एका वाक्यात दुसरे वाहत होते.

तरुण वाचकांसाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली मान्य झाले, १९७२ साली त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. त्यापूर्वी मराठीत अनेक ठिकाणी असे अनुस्वार लिहीत, ज्यांचा उच्चार होत नसे. ते निरर्थक नव्हते. ‘ते’ म्हणजे ते पुरुष, ‘तें’ म्हणजे ती एक नपुंसकलिंगी वस्तू. ‘केले’ आणि ‘केलें’ यांत लिंगवचनाचा भेद. तृतीया, सप्तमी, प्रथमपुरुषी क्रियापद, नपुंसकलिंगी अनेकवचन अशा कित्येक गोष्टी एका टिंबाने कळत. नव्या नियमांनी हे अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. भाषेचे नुकसान झाले असे मी म्हणणार नाही. मी स्वतः आयुष्यभर नव्या नियमांनी शिकविले. परंतु १९३८चे लेखन १९३८चेच दिसले पाहिजे. माझ्या संहितेने एका रात्रीत गुरुजींचे पंचवीस वर्षांचे लेखन नव्या नियमांनुसार करून ठेवले होते! एखादा अभ्यासक पुढे ही पृष्ठे पाहील तर इंदुरात १९३६ सालीच हे अनुस्वार गळाले होते, असा शोध लावील आणि त्याच्यापाशी छायाचित्राचा पुरावाही असेल. ज्या माणसाने एका गाळलेल्या टिंबाला अर्धा गुण कापला त्याच्या वहीची ही अवस्था त्याच्याच विद्यार्थिनीने केली.

रेषा राहिल्या आणि टिंबे गेली, असे का व्हावे? हे समजून घ्यावयास मला आठवडा लागला. उत्तर साध्या मोजणीत होते. त्या प्रतिमा दर इंचास १५० बिंदू या प्रमाणात काढलेल्या होत्या. म्हणजे एक बिंदू सुमारे ०.१७ मिलिमीटर. गुरुजींच्या टाकाची रेघ साधारण चार बिंदू रुंद आणि त्यांचे टिंब चार बिंदू लांब, चार रुंद. मी गाळणीची त्रिज्या ३ दिली होती; म्हणजे मधला एक बिंदू आणि दोन्ही बाजूंस तीन-तीन, अशी सात गुणिले सात, ४९ घरांची चौकट. उभ्या रेघेवर ही चौकट ठेवली तर चार स्तंभ गुणिले सात, २८ घरे काळी, निम्म्याहून अधिक, म्हणून मध्यक काळा येतो आणि रेघ टिकते. टिंबावर ठेवली तर काळी घरे फार तर १६. मध्यक पांढरा. टिंब गेले. गाळणीच्या हिशेबी निम्म्याहून कमी असलेले सारे धूळच. प्रतिमा दर इंचास ३०० बिंदूंची असती तर तेच टिंब आठ गुणिले आठ झाले असते, चौकट सबंध त्याच्या पोटात मावली असती आणि कोपरे थोडे झिजून टिंब वाचले असते. दोष गाळणीचा नव्हता. तिला काय सांगितले आणि कोणत्या प्रतिमेवर सांगितले, याचा होता.

याहून मोठी चूक दुसरीच. शेवटच्या ओळीत ‘अमुक नावाने ठेव’ असे जे लिहावयाचे असते तेथे मी मूळचेच नाव दिले होते. संगणकाने आज्ञेप्रमाणे नवी प्रतिमा जुन्या प्रतिमेच्या जागीच लिहिली. चित्रांवर काम करणाऱ्या इमेजमॅजिक या दुसऱ्या प्रसिद्ध साधनसंचात तर ‘मॉग्रिफाय’ नावाची एक आज्ञा मुळातच मूळ प्रतीवर लिहिण्यासाठी आहे. तिची ती रीत जाहीर आहे आणि जाणकार जपून वापरतात. मी जाणकार नव्हते. मूळ तबकडी घालून पाहिली तर ती वाचली जाईना. इतक्या वर्षांनी अशा तबकड्या पुष्कळदा दगा देतात. नातवाने माझ्या संगणकातून पुसलेले परत मिळते का, हे दोन दिवस शोधले. त्या जागेवर नवे लिहिले गेले होते. १८१ पृष्ठांचे कागद शाबूत होते, ती आम्ही दर इंचास ६०० बिंदूंनी पुन्हा काढून घेतली. उरलेल्या ३१ पृष्ठांची जगात एकच प्रत आहे, आणि तिच्यात टिंबे नाहीत.

दुसऱ्या खेपेची संहिता नातवाने पायथनमध्ये रचली, पण काय करावयाचे ते मी सांगितले. मला वाटते, देवनागरीसाठी अशी वेगळी संहिता असणे अवश्य आहे, कारण ज्या लिपींत टिंबाला एवढे मोल नाही त्यांच्यासाठी घडविलेल्या सवयी येथे चालत नाहीत. प्रथम पृष्ठ सरळ करावयाचे, म्हणजे ओळी आडव्या होतात. मग प्रत्येक आडव्या रांगेत काळे बिंदू किती, ते मोजावयाचे. देवनागरीत शिरोरेषा असल्यामुळे जेथे शिरोरेषा तेथे ही संख्या एकदम उसळते. लॅटिन लिपीला ही सोय नाही! शिरोरेषा सापडली की तिच्या वरचा पट्टा राखीव. मात्रा, वेलांट्या, रफार आणि अनुस्वार सारे त्या पट्ट्यात असतात, म्हणून तेथे धूळ काढणारी गाळणी जाऊच द्यायची नाही. अक्षराच्या तळरेषेलगतही एक अरुंद पट्टा पूर्णविरामासाठी राखला. त्या पट्ट्यांत धुळीचे कण राहिले तर राहोत. धुळीला अनुस्वार समजून वाचणारा वाचक विचारील, पण अनुस्वाराला धूळ समजणारे यंत्र विचारीत नाही. समासातली आणि दोन ओळींमधली धूळ तेवढी काढली. पृष्ठे पहिल्याइतकी शुभ्र झाली नाहीत, हे मान्य केले पाहिजे.

मोडी कागदांना हीच रीत जशीच्या तशी लावता येईल, असे समजू नये. मोडीत रेषा आधी आखून तिच्याखाली सलग, हात न उचलता लिहीत, अक्षरे एकमेकांत गुंतलेली असतात आणि लिहिणारा अनुस्वार स्वतःच पुष्कळदा गाळतो. तेथे गळाले ते लेखकाने की गाळणीने, हा प्रश्न अधिक बिकट. होळकरशाहीच्या कागदांवर काम करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. छायाचित्रांच्या बाबतीत मी थोडेच सांगते. शाळेच्या १९४१च्या समूहचित्रावर मी प्रयोगादाखल तीच मध्यक गाळणी चालवून पाहिली (या वेळी दुसऱ्या पेटीत!). शिक्षिकांच्या नथीतले मोती गेले, दोन मुलांच्या चेहऱ्यावरचे देवीचे व्रण गेले, मागे दिसणाऱ्या खिडकीची नक्षी सपाट झाली. चित्र ‘सुंदर’ झाले. मी ते मिटवून टाकले.

नव्या संहितेत आणखी दोन गोष्टी घातल्या. एक, मूळ प्रतिमांच्या पेटीत लिहिण्याचा अधिकारच काढून घेतला. निष्पन्न प्रतिमा निराळ्या पेटीत, नावाला ‘शोधित’ असे जोडून. दुसरी, संहिता प्रत्येक पृष्ठामागे एक नोंद लिहिते : कोणत्या दिवशी, कोणती गाळणी, कोणत्या अंकांनी चालविली. दुकानातल्या रोजकिर्दीसारखी ही नोंद आहे. संपादनशास्त्राच्या अभ्यासकाला ही कल्पना नवी नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि ती केल्याची नोंद ग्रंथाच्या शेवटी ठेवली. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली तीत नाकारलेले पाठ पानाच्या तळाशी किंवा परिशिष्टांत दिले आहेत. पीएच.डी.च्या काळात मी पाठभेदांच्या याद्या करण्यात तीन वर्षे घालविली होती. आणि प्रतिमेवर हात टाकताना तेच शास्त्र मला आठवले नाही, कारण समोर अक्षर नसून चित्र आहे असे मी समजत होते.

राहिली ती ३१ पृष्ठे. त्यांतील बहुतेक टिंबे व्याकरणाने परत बसविता आली. ‘त्याने’ असेल तेथे ‘त्यानें’च होते, ‘मी गेलो’ असेल तेथे ‘गेलों’च होते, गुरुजी यात चुकत नसत. शिवाय घाईत त्यांचे टिंब काही ठिकाणी मात्रेला चिकटलेले असे. तेथे मात्रेच्या टोकाशी एक गाठ उरली आहे, तीवरून पडताळा घेता आला. अशी बसविलेली सर्व टिंबे या पुस्तिकेत चौकटी कंसात छापली आहेत. ती गुरुजींची नव्हेत, माझी आहेत, हे वाचकास दिसावे म्हणून.

एका ठिकाणी मात्र व्याकरण थांबते. १९४३च्या पावसाळ्यातली नोंद आहे. आधीच्या ओळीत वर्गातल्या तिघा मुलांचा उल्लेख येतो, ज्यांची नावे फी न आल्यामुळे पटावरून निघण्याच्या बेतात होती. मग एक छोटे वाक्य आहे. आता उरलेल्या प्रतिमेत ते असे दिसते : ‘मुलाची फी मी भरली.’ पुढे रक्कम होती, ती पहिल्या प्रतिमेतच डागाखाली गेली होती. गुरुजींनी ‘मुलाची’ लिहिले असेल तर एकाची फी भरली. ‘मुलांची’ लिहिले असेल तर तिघांची. आणि त्यांच्या पगारात तिघांची फी ही लहान गोष्ट नव्हती. हा अनुस्वार अनुच्चारित नाही. तो नव्या नियमांतही लिहावा लागतो. ‘ला’वर मात्रा नाही, म्हणून गाठीचा पुरावा नाही. आधीची ओळ तिघांकडे बोट दाखविते. पण गुरुजी एकेका मुलाविषयीही असेच तुटक लिहीत. गुरुजींच्या घरच्या मंडळींना विचारले. ते असे काही घरी सांगत नसत, असे कळले. त्या तिघांपैकी कोणी हयात असल्याचे शाळेच्या दप्तरावरून आढळत नाही.

गेल्या महिन्यात संयोजकांपैकी एका तरुण शिक्षकाने मला सुचविले की, बाई, ‘मुलांची’ असेच छापू या. गुरुजींना शोभते आणि खरेही असण्याचा संभव अधिक. मलाही ते खरे वाटते. परंतु ते वाक्य पृष्ठ ४७ वर ‘मुला[ं]ची फी मी भरली’ असे, कंसातील टिंबासह छापले आहे, आणि खाली एका ओळीत हे टिंब संपादिकेचे असून मूळ प्रतिमेतील टिंब असल्यास तिच्याच हातून नष्ट झाले, असे नमूद केले आहे. भिजलेला तो कागद मी फेकू दिलेला नाही. निराळ्या प्रकाशात छायाचित्र घेऊन पसरलेल्या शाईखालची दाबाची खूण दिसते का, हे पाहावयाचे अजून बाकी आहे. टाकाचे टोक टिंबाच्या जागी कागदात थोडे अधिक रुतते.